दुसऱ्याच्या हातची काडतुसं

एल्डन स्कोगेनच्या दारात लोक यायचे ते बहुधा घरातलं कुणी गेल्यावर.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या उत्तर भागात, रेल्वेच्या कडेला असलेल्या हॅल्स्टनमध्ये घरोघरी रायफली आणि निम्म्या घरांच्या तळघरात काडतुसं भरायचं टेबल. झाडलेल्या काडतुसाची पितळी केस टाकायची नाही, तिच्यात पुन्हा बारूद मापून घालायची, वर नवी गोळी बसवायची. पण एक नियम काळ्या दगडावरची रेघ: दुसऱ्याच्या हातची काडतुसं झाडायची नाहीत. आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून माणूस गेला की त्याची बायको त्याचे कोट चर्चला देई, बूट भावाला देई आणि काडतुसं एल्डनला. तो पोकळ हातोड्यात एकेक काडतूस अडकवून लाकडावर ठोके. गोळी आणि बारूद सुटी होऊन येई. बारूद तो परसातल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात खत म्हणून पसरून टाकी. त्याचा रुबार्ब साऱ्या गावात सर्वांत तरारलेला असे, पण एकट्या माणसाला तो किती लागणार? निम्मा वाफ्यातच वाळून जाई.

शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची नोकरी सरली होती. लग्नाचं विचारलं की म्हणे, "झालं नाही." गावातल्या बायका म्हणत, "होईल कसं? त्यासाठी तोंड उघडावं लागतं!" आठवड्याचे सहा दिवस तो डब्यातलं सूप गरम करून मोरीशी उभ्यानेच पिई. रविवारी मात्र मित्र ऑरिन लिंडोस आणि त्याची बायको मार्डेल यांच्या घरी जेवण. भाजलेलं मांस, बटाटे, मार्डेलच्या हातचा ॲपल पाय आणि ऑरिनची बडबड. सव्वीस वर्षांत हा रविवार चुकला नव्हता. एल्डनला विचारलं असतं तर त्यानं आठवडा रविवारपासून रविवारपर्यंतच मोजला असता.

तोंड न उघडणारा हा माणूस जानेवारीत मात्र तीन शनिवार बोले. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तो आणि ऑरिन मिळून नवशिक्यांना काडतुसं भरायला शिकवत. ऑरिन हसवायचा, एल्डन घाबरवायचा.

"भरताना बोलायचं नाही. रेडिओ नाही, बिअर नाही, सिगारेट तर नाहीच," एल्डन सांगे. "बायको हाक मारते? उठा, ऐकून या आणि मग पहिल्या केसपासून पुन्हा बघा. डोळ्यावर चष्मा हवाच. माप पुस्तकातलं, आणि सुरुवात सर्वांत खालच्या मापापासून. शेजाऱ्याचं माप शेजाऱ्यालाच लखलाभ. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारायचा. आणि टेबलावर बारुदीचा डबा एकच! चिठ्ठी नसलेल्या डब्यात असते ती बारूद नव्हे, कचरा."

"आणि यातलं काही विसरलात," ऑरिन मागून म्हणे, "तर उरलेल्या बोटांनी मला फोन करा."

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका टेबलावर बारुदीचे दोन डबे राहू नयेत. पण दोन वर्षांमागच्या जानेवारीत, ऐन वर्गात, ऑरिनच्या पुढ्यात दोन डबे उघडे दिसले. एक रायफलीच्या बारुदीचा, एक पिस्तुलाच्या. पिस्तुलाची बारूद रायफलीत गेली तर रायफल हातात फुटते. मग डोळा जातो की जीव, हे नशिबावर. एल्डनचा पारा चढला. आठ नवशिक्यांसमोर तो कडाडला, "कुणाचा जीव घ्यायचाय का, ऑरिन? एवढंही कळत नसेल तर हात लावू नकोस!"

ऑरिन हसला. त्यानं एका डब्याला झाकण लावलं. पुढच्या शनिवारी गुडघा दुखतो म्हणून तो आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही. रविवारची जेवणं चालू राहिली. ऑरिन तीच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगू लागला, तेव्हा एल्डनला वाटलं, वय झालं, दुसरं काय.

या सप्टेंबरात ऑरिन झोपेतच गेला. ऑक्टोबरात, हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायला पाचच दिवस उरले असताना, मार्डेलनं एल्डनला बोलावून तळघरातल्या काडतुसांच्या चार पेट्या दाखवल्या.

"तुझ्याशिवाय कुणाला देणार? चाळीस वर्षं भरली त्यानं, एकसुद्धा काडतूस वाईट निघालं नाही. घरातल्या चाव्या हरवल्या, माझं नाव हरवलं दोन-चारदा, पण टेबलावर बसला की हात कसा अगदी ठाम! गेल्या नाताळात तर सात जणांना भेट दिली एकेक पेटी. ऑरिनच्या हातची म्हणून लोकांनी डोळे मिटून घेतली." तिनं डोळे पुसले. "आणि रविवारी येणार आहेस ना? एकटीसाठी मांस भाजत नाही मी."

"येतो," एल्डन म्हणाला.

घरी येऊन त्यानं पहिलं काडतूस ठोकलं आणि बारूद पांढऱ्या कागदावर ओतली. रायफलीची बारूद कशी, शेवईच्या बारीक तुकड्यांसारखी. त्या तुकड्यांत चपट्या चकत्या चमकत होत्या. पिस्तुलाची बारूद! दुसरं ठोकलं, तिसरं ठोकलं. तेच. तीस काडतुसं उघडली तरी तेच.

पेटीत ऑरिनची वही होती. नाताळच्या आधीच्या आठवड्यात एकाच दिवसाची नोंद तीनदा, तीच मापं, तेच अक्षर, आणि बाजूला भेटीच्या सात जणांची नावं. त्याखाली लिहिलं होतं: "हा डबा कसला? एल्डनला विचार." आणि त्याखाली, वेगळ्या पेनानं: "नको. ओरडेल."

एल्डननं ते दोन शब्द पुन्हा वाचले. शिकवलेलं सगळं खरं होतं. पण भरताना भीती वाटली तर विचारायला या, एवढं एक सांगायचं त्याचं राहून गेलं होतं.

सात पेट्या गावात होत्या आणि शनिवारी त्या रायफलींत जाणार होत्या. गप्प बसणं शक्यच नव्हतं. खरं सांगावं, तर ऑरिनचं डोकं गेलं होतं, त्यानं सात घरांत मरण वाटलं, हे महिनाभरात गावभर होणार. मार्डेलकडे उरलं काय होतं? टेबलावर ठाम बसणारा एक हात, तेवढाच. एल्डननं वही पेटत्या शेगडीत टाकली आणि खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायचं ठरवलं. जन्मभर ताकही फुंकून प्यालेला माणूस, खोटं बोलायची सवय नाही. वाटेत गाडीत त्यानं वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं.

"ती पेटी परत दे," पहिल्या घरी, गेलन रुडला त्यानं सांगितलं. "ऑरिनला मी माझा उरलेला डबा दिला होता. त्यात मीच चुकून पिस्तुलाची बारूद ओतलेली. त्यानं माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला."

गेलन त्याच्याकडेच शिकलेला. आधी त्याला ही थट्टा वाटली. "तुम्ही? एका टेबलावर एक डबा म्हणणारे तुम्ही?"

"हो."

"माझी पोरगी शनिवारी हीच घेऊन शिकारीला निघणार होती, एल्डन!"

त्यानं पेटी गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि हात न मिळवता तो आत गेला. उरलेल्या सहा घरी कमी-अधिक हेच झालं. एकानं शिव्या दिल्या, ते एल्डनला बरं वाटलं. बुधवारपर्यंत सातही पेट्या त्याच्या टेबलावर आल्या. एकही काडतूस झाडलेलं नव्हतं. गुरुवारी अग्निशमन दलाच्या प्रमुखाचा फोन आला, यंदा जानेवारीचा वर्ग राहू दे म्हणून. एल्डननं बरं म्हटलं.

शुक्रवारी मार्डेलची गाडी अंगणात थांबली. ती खाली उतरली नाही. काच अर्धी खाली केली.

"खरं आहे ते?"

"खरं आहे."

"तो डब्याचं विचारत होता मला. मी म्हटलं, एल्डनला विचार ना! तर म्हणाला, नको, तो चिडतो. तुला घाबरायचा रे तो! आणि विष तूच दिलेलंस त्याच्या हातात. सव्वीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलास."

एल्डननं टोपी काढून हातात धरली. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. ते जिभेपर्यंत आलंही.

"रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "ऑरिनच्या हातून असं कधी झालं नसतं."

"नाही," एल्डन म्हणाला. "त्याच्या हातून कधीच झालं नसतं."

तिनं मान हलवली, काच वर केली आणि गाडी वळवली.