पोटरीचे थांबे

बायकांच्या गाऊनच्या दुकानासमोर मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो, तिथेच चुकलं. आतली बाई बाहेर येऊन म्हणाली, "काका, या ना आत. वहिनींची साइज काय?" मला गाऊन नको होता, फक्त आवळलेली डावी पोटरी सुटायला हवी होती. पण हे अनोळखी बाईला कसं सांगणार? "एक्स्ट्रा लार्ज," म्हणालो आणि जांभळ्या फुलांचा गाऊन घेऊन घरी आलो.

बायकोने तो उलगडून बघितला. "वाढदिवस नाही, सण नाही. काय लपवताय? आणि एक्स्ट्रा लार्ज कोण, मी?"

मग सांगावंच लागलं. कोपरखैरणे स्टेशनवरून घरी चालत येताना पोटरी आवळून यायची, थांबलं की सुटायची. लोकांना कळू नये म्हणून मी वाटेतल्या सोसायट्यांच्या नोटिसा वाचत उभा राहायचो. कुठे कधी पाणी बंद, हे मला तिथल्या सेक्रेटरीइतकं ठाऊक झालं होतं. डायबेटिस जुना. पाय गेला तर, हा विचार प्रत्येक थांब्यावर यायचा. तो तिथेच टाकून मी पुढे निघायचो. त्याचाही कंटाळा आला होता.

बायकोने मला डॉक्टरांकडे नेलं. ते माझ्या पावलावर बोटं ठेवून नाडी शोधत राहिले. मग दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर मोजलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. रिपोर्टमध्ये मॅग्नेशियमही कमी.

"लघवीतून साखर जाते, ती जाताना मॅग्नेशियमही घेऊन जाते," डॉक्टर म्हणाले. "हे कमी असलेल्यांत रक्तवाहिन्यांचे त्रास जास्त दिसतात. त्यामुळेच होतात का, ते अजून नक्की नाही. शुगरच्या गोळ्या सोडून दुसरं औषध?"

"काहीच नाही," मी ऐटीत म्हणालो.

"आणि सकाळची ॲसिडिटीची?" बायको.

"अगं, ते काय औषध आहे? ते चहाआधीचं."

"कधीपासून?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुलगी शाळेत जायची तेव्हापासून. आता ती नोकरीला जाते.

त्या गोळीनेही मॅग्नेशियम घटतं म्हणे, वर्षानुवर्षं घेतली तर. ती आता त्यांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची. रक्तवाहिन्यांसाठी दोन नव्या गोळ्या आल्या. जेवणात पालेभाज्या, डाळी वाढवायच्या. "आणि पाय वाचवायचा तर रोज चाला. दुखलं की थांबा, ओसरलं की पुन्हा चाला."

म्हणजे इतके दिवस लाजत चोरून करत होतो, तेच आता उपचार म्हणून करायचं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, रिक्षा करू, दमलोय. बायको चालायला लागलीसुद्धा. दोन चौक गेले आणि पोटरी आवळली. मी दातावर दात रोवून तसाच तिच्या मागे रेटत राहिलो. तिने वळून पाहिलं, मागे आली, माझ्याशेजारी फुटपाथवर उभी राहिली.

"अहो, दुखलं की नुसतं 'थांब' म्हणायचं," ती म्हणाली. "मला कुठे गाडी पकडायचीय?"