फिलू आंटी आणि आनंदाचा रविवार

डिसेंबर लागला की आमच्या बोरिवलीच्या इमारतीत घरोघरी कागदी चांदण्या लागतात. ख्रिस्ती घरांत लागतातच, आमच्यासारख्या बौद्ध घरांत आणि समोरच्या मालवणी कुटुंबाकडेही लागतात. फक्त माझ्या शेजारच्या फिलू आंटींचं दार नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत चांदणीविना असायचं. कुणी विचारलंच तर त्या फटकन म्हणायच्या, "अजून यायचाय तो. आत्ताच दिवाळी केलीत, तर वाट कधी बघणार?"

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ. त्या दिवसांत त्यांच्या घरात टीव्ही बंद, गोडधोड बंद. चर्चच्या मराठी गायनवृंदाच्या तालमी मात्र जोरात. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या फिलू आंटींचा कान भारी तिखट होता. कुणी वरच्या पट्टीत गेलं की त्या पेटी थांबवायच्या. "देव बहिरा नाहीये रे. हळू."

माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा आंटी दिवसभर माझ्यासोबत होत्या. मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. त्यांनी मला हाताला धरून बाकावर बसवलं. "सुजाता, वाट बघायची तर बसून बघ. तू फिरलीस म्हणून डॉक्टर लवकर बाहेर येणार नाहीत." तेव्हा मला त्यांचा थोडा रागच आला होता. यांचं काय जातंय बोलायला, असं वाटलं होतं.

त्यांचे यजमान बेनी अंकल मूळचे गोराईचे, खाडीपलीकडचे. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. सत्तरीनंतर त्यांची स्मृती विरत गेली. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःच्या घराचा मजला. आंटी त्यांना नजरेआड होऊ देत नसत. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांना पुढच्या रांगेत खांबाजवळ बसवायच्या, कारण वरच्या सज्ज्यातून, गाता गाता, ती जागा दिसायची.

आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लावतात. बाकीच्या तिन्ही जांभळ्या. हा आनंदाचा रविवार, असं आंटींनीच मला सांगितलं होतं. त्या वर्षी याच रविवारी सकाळी, गाणं चालू असताना, त्यांनी खाली पाहिलं तर खांबाजवळची जागा रिकामी होती. त्यांनी कडवं अर्ध्यावर सोडलं आणि जिना उतरल्या.

मला फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आंटी एवढंच म्हणाल्या, "बेनी गेला गं कुठेतरी." मी चपला घालून तशीच धावले.

चर्चचं आवार, बाजार, बसस्टॉप, सगळं पालथं घातलं. गायनवृंदातली माणसं दोघादोघांनी गल्ल्यांत शिरली. पोलिसांनी एका दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. पांढरा शर्ट घातलेले बेनी अंकल गोराईच्या बोटी सुटतात त्या धक्क्याच्या दिशेने एकटेच चालले होते. त्यानंतर कुठेच काही नव्हतं.

धक्क्यावर फेरीबोटीचा माणूस म्हणाला, "रविवारची गर्दी असते, ताई. कोण चढलं, कोण नाही, कसं सांगू?" बोटीत बसले असतील तर ठीक. बसले नसतील तर धक्क्याच्या दोन्ही बाजूंना तिवरांचं रान आणि कमरेएवढा चिखल. सगळे तिकडेच बघत होते. ओहोटी लागल्यावर दोघे कोळी छोट्या होडीतून तिवरांत शिरले. आंटी धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. त्यांना 'बसा' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पलीकडे गोराईतही निरोप गेला होता. तिथे आता त्यांचं जवळचं कुणी उरलं नव्हतं. दुपार टळली. होडी परत आली, कोळ्यांनी नुसती मान हलवली. ऊन उतरायला लागलं तेव्हा आंटी अचानक थांबल्या. "संध्याकाळची प्रार्थना सुरू होईल. मला चर्चला जायचंय."

"आत्ता?" शोधायला आलेली त्यांची बहीण चिडली. "नवरा सापडत नाहीये आणि तू गायला चाललीस?"

"गायला नाही. मी इथे थांबले तर या पाण्याकडे बघून वेडी होईन."

मी सोबत गेले. आंटी सज्ज्यात गेल्या नाहीत. खाली, खांबाजवळच्या त्या रिकाम्या जागेशेजारी बसल्या. मी पलीकडे, मुठीत फोन धरून. पोलिसांचा फोन यावा असं वाटत होतं, आणि येऊ नये असंही. फादरांनी हिरव्या फांद्यांच्या कड्यातल्या तीन मेणबत्त्या पेटवल्या. चौथी तशीच ठेवली. दिवे मालवले. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत कुणाचं तरी खोकणं.

वर गाणं सुरू झालं. आंटींशिवाय ते गाणं डगमगत होतं, दुसऱ्या कडव्याला कुणीतरी सरळ बेसूर झालं. मी घाबरून आंटींकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि मेणबत्त्यांवर खिळले होते. सकाळपासून कानापर्यंत चढलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मांडीवरची आवळलेली बोटं सुटली. त्या पहिल्यांदाच जत्रा बघणाऱ्या मुलीसारख्या दिसत होत्या. मला त्यांच्या देवातलं काही कळत नव्हतं, पण माझाही श्वास त्यांच्याबरोबर खाली बसला. फोन मी केव्हा पर्समध्ये टाकला, ते लक्षातही आलं नाही.

बाहेर आल्यावर घाईघाईने बघितला. काहीच नव्हतं. आंटींनी विचारलं नाही. "चल," म्हणाल्या, "बहीण एकटी असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोराईहून फोन आला. भाजीची वाडी करणाऱ्या एका बाईंकडे आदल्या दुपारी एक म्हातारा येऊन बसला होता. तो त्यांच्याच गावच्या बोलीत बोलत होता, म्हणून त्यांना वाटलं, असेल कुणाच्या घरचा पाहुणा. त्यांनी त्याला भात वाढला, रात्री झोपायला चटई दिली. सकाळी पाववाल्याने चौकशीची बातमी सांगितली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

आम्ही पहिल्या बोटीने गेलो. बेनी अंकल माठाच्या भाजीच्या वाफ्याशेजारी खुर्चीवर बसले होते. आंटी समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आंटींना नीट न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाला शोधताय?"

"तुलाच, बेनी," आंटी म्हणाल्या आणि त्यांच्या पायाशी मातीत बसल्या. तिथे त्या पहिल्यांदा रडल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी बोरिवलीची जागा भाड्याने दिली आणि गोराईत दोन खोल्या घेतल्या. तिथे अंकल शांत असायचे. तिथली बोली त्यांना अजून पुरत होती. आंटींना मात्र ते शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिले. तिथे जेमतेम दोन पावसाळे काढून ते गेले.

त्यानंतरच्या आगमनकाळात मी आंटींना भेटायला गेले. ओट्यावर बसून आम्ही वाल सोलत होतो. दोन-तीन वर्षं मनात होतं ते मी विचारलं, "आंटी, त्या संध्याकाळी चर्चमध्ये तुम्ही देवाकडे काय मागितलंत?"

त्या सोलायच्या थांबल्या. "मागायलाच गेले होते गं. भांडायलाही. पण ते गाणं सुरू झालं. इतकी वर्षं मी ते बसवत आले, चुका काढत आले. ऐकलं मात्र त्या दिवशी. ऐकता ऐकता मागायचंच राहून गेलं."

त्यांनी पुन्हा वाल सोलायला घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बेनी सापडला नसता ना, तरी ती संध्याकाळ माझीच राहिली असती. बायकोने असं बोलू नये. पण खरं आहे ते. फादरांनाही सांगितलं नाही मी. तुला सांगतेय."

त्यांनी सोललेल्या वालांचं भांडं उचललं आणि मला म्हणाल्या, "जेवून जा. बोटीला वेळ आहे."