कमरेचा कबुलीजबाब

माझ्या कमरेला कधीच काही झालेलं नव्हतं, ही गोष्ट मी बायकोपासून बारा वर्षं लपवून ठेवली होती.

सुरुवात अगदी साधी होती. आम्ही करंजाड्याला राहायला आलो त्या दिवशी टेम्पोवाल्याची दोन माणसं आमचं लोखंडी कपाट खाली ठेवून जेवायला गेली, ती परत आलीच नाहीत. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मेहुणा बाह्या सरसावून मला म्हणाला, तुम्ही खालून धरा. मी कपाटाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं की मणक्यातली गादी सरकलीय, डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केलीय. (ही गादी नेमकी कुठे असते ते मला आजही सांगता यायचं नाही.) शेवटी मेहुण्यानं आणि वैशालीनं कपाट वर नेलं. मी दरवाजा धरून उभा होतो.

वैशाली म्हणजे माझी बायको. कामोठ्याच्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवते. पायऱ्या न दाखवता काढलेलं उत्तर तिला चालत नाही. पण माझ्या कमरेवर तिनं एकही प्रश्न न विचारता विश्वास ठेवला, आणि याचं मला फार वाईट वाटलं. म्हणजे बारा वर्षांनी वाटलं.

तोवर माझं बरं चाललं होतं. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की खालच्या टाकीवरून बादल्या ती आणायची. माहेरून तांदळाचं पोतं आलं की तीच वर चढवायची, आणि वर मला विचारायची, तुम्ही वाकला नाहीत ना? दर रविवारी सकाळी ती माझ्या कमरेला कोमट तेल लावून द्यायची. त्या तेलाची मला इतकी सवय झाली की कधीकधी मलाच वाटायचं, थोडं दुखतंय खरं. या काळात मी ऑफिसच्या लोकांबरोबर दोनदा कर्नाळा किल्ला चढून आलो. घरी सांगितलं, गोडाऊनमध्ये माल मोजायला गेलो होतो.

मग शेजारच्या काकांचं अचानक ऑपरेशन निघालं. वैशाली घाबरली आणि तिनं ठरवलं की महिना संपायच्या आत आपला आरोग्य विमा झालाच पाहिजे. तिनं कुसुमताईंना बोलावलं. कुसुमताई विम्याचं काम करतात, मूळच्या उरणकडच्या. लहानपणी आईबरोबर मासळी विकायला बसत. त्यामुळे समोरचा माणूस ताजा आहे की शिळा, हे त्यांना लांबूनच कळतं. त्या फोनवर कुणाचा फॉर्म भरत नाहीत, सगळ्यांना समोर बसवतात. वैशालीनं चहा ठेवायला घेतला तर म्हणाल्या, आदी फॉर्म, मग चहा.

त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. आज काही लपवलंत तर ज्या दिवशी तुम्ही खाटेवर पडाल त्या दिवशी कंपनी तेच उकरून काढेल. जे आहे ते सगळं सांगायचं. वैशालीनं आपलं थायरॉईड सांगितलं, त्यांनी लिहिलं. मग माझा नंबर आला. बीपी नाही, शुगर नाही. जुनं काही दुखणं? मी अगदी हळू आवाजात "नाही" म्हणालो.

"अहो, कंबर!" वैशाली म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं तिनं माझ्या कमरेचा इतिहास इतक्या मायेनं सांगितला की मलाच माझी दया आली.

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हे लिहावं लागेल, त्या म्हणाल्या. मणक्याच्या आजाराला तीन वर्षं काही मिळायचं नाही, शिवाय कंपनी जुने रिपोर्ट मागेल. कागद हायत का? वैशालीनं फाइल आणली. त्या फाइलमध्ये मोडीत गेलेल्या मिक्सरचंसुद्धा वॉरंटी कार्ड आहे. माझ्या मणक्याचा एकही कागद निघाला नाही. तुम्ही ऑफिसमध्ये ठेवलेत का, असं तिनं काळजीनं विचारलं. मी हो म्हणालो.

कुसुमताईंना रिक्षापर्यंत सोडायला म्हणून मी खाली निघालो आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली.

"बारा वर्सा?" त्या म्हणाल्या. मग पिशवी पुन्हा उचलत म्हणाल्या, "नसलेलं दुखणं लिवनं पन खोटाच हाय, भाऊ. मी लिवनार नाय. कंपनीचे डॉक्टर फोन करतील, तो रेकॉर्ड होतो. त्यांना खरा सांगा."

"आणि वैशालीला?"

"ते माज्या फॉर्मात नाय."

माझा बेत असा होता की फोन ऑफिसमध्ये घ्यायचा, एकट्यानं. फोन आला रविवारी सकाळी, तेल चालू असताना! मी पालथा पडलेला. वैशालीचे हात तेलाचे, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर चालू केला. डॉक्टरबाई फार गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी संभाषण रेकॉर्ड होत असल्याचं सांगितलं, मग एकेक प्रश्न विचारत त्या पाठ, कंबर आणि मणका यांच्यापाशी आल्या.

मी "नाही" म्हणालो. कमरेवरचे हात थांबले.

"मॅडम, आहे त्रास," वैशाली फोनवर वाकून म्हणाली. "बारा वर्षं आहे."

"सर, तुम्ही स्वतः सांगा. आहे की नाही?"

हो म्हणावं तर कंपनीकडे खोटं, नाही म्हणावं तर पाठीमागे वैशाली. मी उशीत तोंड घालून म्हणालो, "नाही मॅडम. कधीच नव्हता. मी दोनदा कर्नाळा चढलोय. ते कपाट जड होतं."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग बाईंनी अदबीनं विचारलं, "कपाटाची नोंद करायची का, सर?"

फोन संपल्यावर वैशालीनं हात पुसले आणि तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मी बादल्या आणल्या हो," असं ती नुसतं म्हणाली आणि आत गेली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पॉलिसी आली. कुसुमताई येऊन राहिलेला चहा पिऊन गेल्या. पुढच्याच आठवड्यात माहेरून तांदळाचं पोतं आलं. मी न सांगता खाली गेलो, पोतं खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावर, बरोबर मी कबुली दिली होती त्याच पायरीवर, कमरेत काहीतरी कचकन झालं. मला सरळ होता येईना. वैशाली वरून जिना उतरून आली. मी म्हणालो, आई शपथ, या वेळी खरंच दुखतंय. तिनं मला नीट वरून खाली पाहिलं.

"कागद आहेत का?" तिनं विचारलं.

संध्याकाळी कागदही मिळाला. स्नायू आखडलाय, पंधरा दिवस वजन उचलू नये, खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का. वैशालीनं तो फाइलमध्ये मिक्सरच्या वॉरंटीमागे लावला आणि कॅलेंडरवर पंधरा दिवस मोजून खूण केली. सोळाव्या दिवशी सकाळी दारात रिकामी बादली ठेवलेली होती. त्या दिवशी नळाला चांगलं धो धो पाणी होतं. तरी मी बादली उचलली आणि खालच्या टाकीवर गेलो.