लंबी

"चलो, आता लंबी ताणतो," असं म्हणून घरमालक काका डोक्यावरून चादर ओढायचे आणि मला भीती वाटायची.

मी साताऱ्याची. शिक्षिकेच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि अन्नपूर्णा भागात त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. पहिल्या दिवशी हे ऐकून वाटलं, गृहस्थ कुठे लांब निघालेत. तसं विचारलंही. काका खो खो हसले. "अहो मॅडमजी, लंबी म्हणजे चादर! पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लांब ताणायची, म्हणून लंबी. मक्खी पण आत शिरली नाही पाहिजे. तुमच्याकडे नुसतंच 'ताणून देतात'. अरे, पण काय ताणतात?" खरंच की! जन्मभर म्हणतो आपण, पण कधी विचार केलाय का तुम्ही?

शब्द कळला आणि माझी भीती सुरू झाली. माझे वडील एका दुपारी असेच तोंडावर पांघरूण घेऊन झोपले होते. ते उठलेच नाहीत.

माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आल्यावर जिन्याकडे जायचं तर काका झोपायचे त्या ओट्यावरूनच. तो पांढरा लांबलचक आकार दिसला की मी थबकायची, चादर हलतेय का बघायची आणि मगच वर जायची.

एकदा हललीच नाही. "काका! अहो काका!" करत मी चादर खेचली, तर आतून "भ्वॉक्!" हे सद्गृहस्थ मुद्दाम श्वास रोखून पडले होते! मी असली भडकले म्हणता! आणि तिथेच ढसाढसा रडले. वडिलांचं सगळं सांगून टाकलं. काकू आतून धावत आल्या आणि त्यांनी नवऱ्याला झापलं, "शरम करा थोडी! पोरीचा जीव गेला असता."

दुसऱ्या दिवसापासून चादर ओठांपर्यंतच. माझ्या चपला वाजल्या की काका डोळे मिटूनच म्हणायचे, "नाक बाहेर आहे हो मॅडमजी. जा, जेवून घ्या." माशा छळायच्या, तरी चादर वर गेली नाही. माझी भीती काही संपली नाही, पण दुपारचा घास घशाखाली उतरायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात चहा पिता पिता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून परत आणले ते गेल्यावरच. त्याच ओट्यावर ठेवलं. त्यांच्या मुलाने पांढरं कापड डोक्यापर्यंत ओढलं.

"अरे, नाक! नाक बाहेर ठेवा!" मी ओरडले. सगळे वळून बघायला लागले. काय बोलून बसले मी!

काकूंनी मुलाचा हात बाजूला केला आणि कापड ओठांपर्यंत खाली घेतलं.