चिखलाचं माप

"परत घेऊया." आकडा कितीही सरळ आला, तरी पदराला हात पुसत बाई हेच म्हणायच्या.

ऐंशीच्या दशकात बाई आणि त्यांच्या हाताखाली मी, असे आम्ही अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत होतो. जीपवरच्या खांबाला तबकडी लावून जमिनीवर सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि त्यातल्या किती परत येतात ते मोजायचं, हे आमचं काम. ओली जमीन त्या वेगळ्या परतवते, कोरडी वेगळ्या. हे नीट कळलं, तर पुढे विमानातून बघून कुठल्या शेतात किती ओल आहे ते सांगता येणार होतं.

चारकोपच्या खाजणाकडेला मोजणीसाठी जमिनीचा आमचा एक तुकडा ठरलेला होता. तबकडी पाहून लोक जमत. एकाने विचारलं, "बाई, यावर टीव्ही लागतो काय?"

"लागतो ना. पण एकच कार्यक्रम. चिखल."

बोरिवलीला त्यांचे यजमान पक्षाघाताने अंथरुणावर होते. त्यांचं सगळं आवरून बाई निघायच्या. आमचा दिवस सुरू व्हायचा, तेव्हा त्या दमलेल्याच असत.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी पोचलो, तर आमच्या तुकड्यावर भराव पडलेला. तिथे वसाहत होणार होती. बाई जीपमधून उतरल्याच नाहीत.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "उरलेले आकडे गेल्या वर्षावरून अंदाजाने भरा. अहवाल अडकलाय."

"मोजलीच नाही त्या जमिनीचे आकडे मी नाही भरणार."

"मग दुसरं कोणी भरेल."

"भरू दे. माझं नाव तेवढं काढा."

नाव निघालं. त्यामागोमाग बढतीही गेली. मी साहेबांवर तणतणत होतो, तर म्हणाल्या, "गप रे. भांडायला ताकद लागते. ती मला घरी लागते."

मग आम्हाला गोराईची शेतं दिली, पण जीप काढून घेतली. लहान तबकडी घेऊन आम्ही होडीने खाडी ओलांडायचो. बाई तिथेही तसंच मोजत राहिल्या, फक्त बोलणं कमी झालं.

एका संध्याकाळी परतताना होडीत बसल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून तू बघ. ह्यांना आता एकटं ठेवता येत नाही."

मी आकड्यांची वही पिशवीत ठेवली. वळून पाहिलं, तर त्यांना झोप लागली होती. खारं पाणी उडू नये म्हणून पदर तबकडीवर ओढलेला.

होडी धक्क्याला लागली. सगळे उतरले. होडीवाल्याने हळूच विचारलं, "उठवू काय?"

"राहू दे जरा."

त्याने दोर बांधला आणि तो वर जाऊन उभा राहिला. धक्क्यावर परतीची माणसं खोळंबली होती. त्यांनी खाली वाकून पाहिलं, आणि कुणीच घाई केली नाही.