अकरा मीटरवरची टाचणी

लातूरहून बदली होऊन नांदेडला आले, तेव्हा एक वस्तू मी ट्रकमध्ये न टाकता मांडीवर धरून आणली होती. तळहाताएवढा ॲन्टेना ॲनालायझर. कॉलेजात मी फिजिक्स शिकवते आणि घरी परवाना काढून हौशी रेडिओ चालवते. रेडिओतून निघालेली ताकद तारेतून बाहेर जाते की माघारी येते, हे ॲनालायझर एका आकड्यात सांगतो. आकडा एकच्या जवळ असला की ठीक. तीनच्या वर गेला की रेडिओला हात लावायचा नाही.

देगलूर नाक्याकडं एका घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली मालक, काका आणि काकू. शेजारी एका टेलर चाचांचं घर. त्यांच्या गच्चीचा कठडा आमच्या जिन्याला खेटलेला. पहिल्याच रविवारी मी गच्चीवर पाइप उभा करून दोन्ही बाजूंना तार ताणली आणि तिथून जिन्यावरून खाली खोलीतल्या रेडिओपर्यंत केबल आणली. आकडा बघायचा, दोन्ही टोकांची बोटभर तार कापायची, परत बघायचा.

"टीचरबाई, कपडे वाळवायला एवढी उंच तार?" चाचा पलीकडून म्हणाले. मी हसले. वाळवण बघायला वर आलेल्या काकू हसल्या नाहीत.

"तुम्ही बोलता कुणाशी त्याच्यावरून?"

"कुणीही भेटतं. हैदराबाद, कोल्हापूर, कधी श्रीलंका."

"वळखीचे हायत?"

"नाही."

"मग बोलायचं काय असतंय?"

मी हसून परत तार कापायला लागले. संध्याकाळी आकडा एक पूर्णांक दोनवर आला आणि त्या आनंदात काकूंचा चेहरा मी विसरूनही गेले.

दोनेक आठवड्यांनी आकडा दहाच्या पुढं गेला. सगळे जोड उघडून बघितले, घासले, परत आवळले. आकडा खाली आला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत दहा. सकाळी बरा, ऊन चढलं की वाईट. तारेला कुणीतरी हात लावतंय, असं माझ्या मनानं घेतलं. गच्चीच्या दाराच्या कडीला मी काळा दोरा बांधला. चार दिवस दोरा जागचा हलला नाही, आकडा मात्र वरखाली होतच राहिला. म्हणजे येणारा दारातून येत नव्हता. कठड्यावरून येत होता. आणि कठड्यापलीकडं एकच घर होतं.

मग मी चाचांवर नजर ठेवायला लागले. ते गच्चीवर कधी येतात, किती वेळ थांबतात, कुठं बघतात. त्यांनी सलाम केला तरी मी मान हलवून आत यायची. आता लिहितानाही लाज वाटते.

केबलीत बिघाड नेमका किती अंतरावर आहे, हेही ॲनालायझर दाखवतो. एका दुपारी आकडा चढलेला असताना मी ते बघितलं. रेडिओपासून अकरा मीटर. टेप धरून केबलीवरून मोजत गेले. अकरा मीटर जिन्याच्या वळणावर भरले, चाचांच्या कठड्यापासून हातभर अंतरावर. डोळ्यांना काही दिसेना. बोट फिरवलं तर टोचलं. केबलीच्या आरपार एक टाचणी होती, डोक्यावर निळा मणी. आतल्या तारेला ती जेमतेम टेकत होती. ऊन लागलं की टेकायची, गार झालं की सुटायची.

मी ती उपसली आणि तशीच चाचांच्या दुकानात गेले. मशीनवर निळ्या मण्यांच्या टाचण्यांची गादी होती.

"ही तुमचीच ना?"

चाचांनी टाचणी हातात घेऊन बघितली. "हाव, माझीच. कुठं घावली?"

"माझ्या केबलीत. तुमच्या कठड्याजवळ."

त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते माझ्याकडं बघायला लागलं.

"बाई, टाचण्या माझ्या म्हणून टोचणारा बी मीच का? माझ्या टाचण्या अर्ध्या गल्लीत जात्यात. घालून बघायला टाचलेलं कापड देतो तवा टाचण्या जपून ठेवायला सांगतो, कुणी परत आणून देत न्हाई." त्यांनी मशीन सुरू केलं.

परत येताना काकूंच्या दारात दोरीवर एक अर्धं शिवलेलं ब्लाउज दिसलं. बाजूच्या शिवणीला निळे मणी ओळीनं.

मी टाचणी पुढं केली. काकूंनी नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मला आत ओढलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या छातीत ठोके चालवायचं मशीन बसवलंय. लेकीचं लग्न जमून राहिलंय, म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. तुमच्या रेडिओनं ते बंद पडलं तर?"

"मला विचारायचं तरी."

"तुम्हाला कसं इचारावं? तुम्ही रोज कुणाकुणाशी बोलता, गोष्ट कुठं जाईल काय सांगावं?" मग म्हणाल्या, "माझा भाऊ केबल टीव्हीचं काम करायचा. केबलवाल्यांचं भांडण झालं की एकमेकांच्या केबलीत टाचण्या टोचायचे, टीव्ही बंद पडायचा. तेवढंच मला येत होतं."

मला राग आला होता, पण काकांचं मशीन बंद पडेल की नाही हे मलाही ठाम सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं काकांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी माझा रेडिओ किती ताकदीचा ते विचारलं आणि म्हणाले, तार काकांच्या झोपायच्या खोलीवरून हलवा, अंतर ठेवा, मग भ्यायचं कारण नाही.

अंतर ठेवायला जागा एकच होती. चाचांच्या गच्चीचं पलीकडचं टोक.

दोन दिवस धीर झाला नाही. मग गेले, दुकान रिकामं असताना. झालेलं सांगितलं, काकांच्या छातीतलं मशीन सोडून. माफी मागितली. चाचांनी बराच वेळ कापडावर खडूनं रेघा मारल्या.

"इजाजत हाय," ते म्हणाले. "पण एक शर्त. मला इचारल्याबिगर वर चढायचं न्हाई."

रविवारी विचारून चढले. नव्या जागी आकडा बिघडला होता, परत बोटबोट तार कापावी लागली. दोन तास गेले. चाचा टाकीच्या सावलीत हात मागं बांधून उभे होते. तारेकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते पूर्ण वेळ माझ्या हातांकडं बघत होते, आणि मी त्यांना बसा म्हणू शकले नाही.