ताझुको आत्याने लावलेला फीडबॅक

माझी ताझुको आत्या जपानमधल्या मात्सुमोतोत कॉफीचं दुकान चालवते. तिथे लोक कॉफीला कमी आणि जॅझ ऐकायला जास्त येतात. आत्याचे यजमान, म्हणजे माझे काका, गेल्यावरही त्यांनी बनवलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वाजत होता. या हिवाळ्यात त्याचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि आत्या म्हणाली, "नवा ॲम्प मी बनवते."

दर रविवारी ऐकायला जमणाऱ्या मंडळींना ते काही पटेना. नागुमोसान, काकांचे शाळेपासूनचे मित्र, दातांचे निवृत्त डॉक्टर, म्हणाले, "ताझुको, माझ्या घरचा आणून ठेवतो ना. तू कॉफी बघ."

मला इतका राग आला. त्यांचा ॲम्प आला की ऐकणं त्यांचं, आणि आत्या नुसती कप धुणार. आत्या म्हणाली, "रविवारी माझा ऐका. नाही आवडला तर तुमचा आणा."

दुकानात मोठा स्पीकर एकच, म्हणून काकांसारखाच तिनेही स्पीकर चालवायला शेवटी एकच व्हॉल्व्ह ठेवला. पण काकांनी जन्मात केलं नसतं ते केलं. फीडबॅक लावला. म्हणजे स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा थोडासा भाग पहिल्या व्हॉल्व्हकडे परत पाठवायचा, असा की तो आत येणाऱ्या आवाजाला विरोध करेल. ॲम्पने स्वतःच्या पदरचं काही घातलं, की ते वजा होतं.

"गाण्याचा गळा दाबणं आहे हे," नागुमोसान म्हणाले.

"कानात बोळे घालून गाऊन बघा," आत्या म्हणाली. "स्वतःचं ऐकू आलं नाही की सूर कुठे जातो ते कळेल."

रविवारी बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापले, आणि स्पीकरमधून अशी किंकाळी आली की कोणाचीतरी कॉफीच सांडली. मला रडू यायला लागलं.

"गळा दाबल्यावर ओरडणारच," नागुमोसान हसले.

आत्याने बंद केलं, जरा थांबली, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. "फीडबॅक विरोध करायच्या ऐवजी होला हो करत होता," ती म्हणाली. "तुमच्या मंडळींसारखा."

आता शांत. रेकॉर्ड लावली. फीडबॅक चालू-बंद करायला तिने एक खटका ठेवला होता, तो नागुमोसाननी लगेच बंद केला. आवाज खोलीभर झाला. "हे जिवंत." मग चालू केला. "हे मेलेलं." सगळ्यांच्या माना हलल्या.

"फीडबॅकने आवाज लहान होतो," आत्या म्हणाली, "आणि लहान आवाज सगळ्यांना मेलेलाच वाटतो." तिने मीटर लावून दोन्ही आवाज सारखे केले. "आता ऐका."

फीडबॅक नसताना बास हे जाड तारांचं वाद्य म्हणजे नुसता घुमणारा गोळा होता. असताना तारेवरून सुटणारं बोट ऐकू येत होतं. नागुमोसान खटका इकडे-तिकडे करत राहिले, मग फीडबॅकवर ठेवून हात मांडीवर घेतले. रेकॉर्डची पूर्ण बाजू संपेपर्यंत हललेच नाहीत.

"खोली जरा लहान वाटते," ते म्हणाले. "पण बासवाला समोर उभा होता."

"खोली वाढवता येईल. फीडबॅक थोडा कमी करते." आत्याने ॲम्प बंद करून उलटा केला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. "खटका राहू दे का?"

"काढ. नाहीतर मी रोज खेळत बसेन."

"मग कॉफी तुम्ही बघा. माझे हात अडकलेत."

नागुमोसान उठले आणि किटली शोधायला लागले.